मुदतीपूर्वी मोडलेली ठेव

बँकेच्या नोकरीत उभा जन्म गेला की काही सवयी अंगवळणी पडतात आणि निवृत्तीनंतरही सुटत नाहीत. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायला आलेल्या खातेदाराला मी नेहमी समोर बसवून घेत असे आणि चहा मागवून कारण विचारत असे. कर्ज मागणारा आपले कारण स्वतःहून, वाढवूनही सांगतो. ठेव मोडणारा मात्र गप्प असतो. व्याजाचा दर घसरतो, वर साधारण अर्धा-एक टक्का दंड कापला जातो, हे ठाऊक असूनही तो पावतीवर सही करून मोकळा होऊ पाहतो. त्या सहीमागे कधी घरातले आजारपण असते, कधी भावाभावांतील वाटणी, कधी दुकानातला न सांगता येणारा तोटा. कर्जाचा हप्ता थकण्याच्या कितीतरी आधी मोडलेली ठेव घरातल्या अडचणीची खबर देते, असा माझा अनुभव आहे.

ही सवय गेल्या चातुर्मासात एका वेगळ्याच प्रसंगी उपयोगी पडली. संबंधित कुटुंबाच्या संमतीने, परंतु ओळख पटेल असे तपशील वगळून, तो प्रसंग येथे मांडत आहे. आपल्या व्यापारी घरांतून असे प्रसंग घडतात आणि बहुधा दुकानाचे शटर ओढावे तसे ते झाकले जातात, म्हणून हा लेखनप्रपंच.

कुडाळच्या बाजारपेठेत पिढीजात दुकान असलेले एक गृहस्थ माझे जुने खातेदार. आषाढातल्या एका सायंकाळी, धो-धो पावसात, ते छत्री मिटून ओसरीवर आले आणि बराच वेळ बोलेनात. शेवटी म्हणाले, "साहेब, मुलीचे शिक्षण थांबवून तिला कोल्हापूरला आत्याकडे पाठवावे म्हणतो. तुमचे मत काय?"

मुलगी सोळा वर्षांची, नुकतीच अकरावीत गेलेली. शिकवणीच्या वर्गातील एका मुलाविषयी तिच्या मनात ओढ निर्माण झाली होती. आजची मुले यालाच 'क्रश' म्हणतात. आईने फोनवरचे संदेश वाचले होते. त्यांत आक्षेपार्ह असे काही नव्हते, पण संदेशांची संख्या मात्र मोठी होती. घरात चार दिवस अबोला होता. आजी जेवत नव्हती.

मी विचारले, "आणि तिच्या बाहुल्यांचे काय चालले आहे?"

गृहस्थ क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "ते वेड तर जूनपासूनच सुटले. आम्हाला वाटले, बरे झाले, अभ्यासाला लागली."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की ठेव मोडली होती, आणि मोडल्याचा घरात आनंद झाला होता.

बाहुल्यांचा उल्लेख बाहेरगावच्या वाचकांना नवा वाटेल, म्हणून थोडे सांगतो. कुडाळहून सावंतवाडीच्या वाटेवर तीन-चार किलोमीटरवर पिंगुळी हे गाव आहे. राऊळ महाराजांच्या मठामुळे ते अनेकांना ठाऊक असते. याच गावात ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. एकेका आख्यानाची सुटी चित्रे क्रमाने लावून त्यांची पोथी होते. कलावंत एकेक चित्र श्रोत्यांपुढे उभे धरतो आणि वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतो. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला. पुढे आश्रय संपला, करमणुकीची साधने बदलली आणि अनेक घरांतल्या पोथ्या माळ्यावर गेल्या. अशा काळात पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी कला सोडली नाही. आपल्या गुरांच्या गोठ्याचे त्यांनी संग्रहालय केले. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि पिंगुळीचे नाव देशभर गेले.

ही मुलगी सातवीत असताना शाळेच्या सहलीतून पिंगुळीला गेली आणि या चित्रांनी तिला वेड लावले. पुढे दर रविवारी ती तिथल्या एका जाणत्या कलावंताकडे जाऊ लागली. वडिलांनी एकच अट घातली होती : चामड्याच्या बाहुलीला हात लावायचा नाही. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या घराने ती घालणे स्वाभाविक होते, आणि मुलीनेही ती मनापासून पाळली. कागद, रंग आणि लाकडी कळसूत्री बाहुल्या एवढेच तिचे विश्व. मीही एकदा तिच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा तो कलावंत मालवणीत म्हणाला होता, "चेडवाचो हात बरो आसा, पण हात बसाक येळ लागता." चार वर्षे तिने तो वेळ दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी बोललो. मुलाचे नाव विचारले नाही, त्याची जात, त्याचे घर, काही नाही. केवळ एवढेच विचारले, "पिंगुळीला का जात नाहीस?"

ती आधी म्हणाली, वेळ नसतो. मग म्हणाली, पाऊस असतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर डोळे भरून आले. "आजोबा, वर्गातली मुले हसतात. बाहुल्या खेळणारी म्हणतात. एकदा तोही हसला. रविवारी सगळे एकत्र जमतात. मी पिंगुळीला गेले तर त्यांच्यातून बाहेर पडते."

"त्याने तुला जाऊ नको म्हटले का?"

"नाही. त्याला माहीतही नाही मी सोडले ते."

हे उत्तर मला आजही विसरता येत नाही. त्या मुलाने काहीही मागितले नव्हते. तिनेच मनाशी व्यवहार ठरवला होता, आपल्या बाजूची किंमत आगाऊ चुकती केली होती, आणि समोरच्याला सौदा झाल्याची खबरही नव्हती. आपण व्यापारी माणसे. असा सौदा कोणी दुकानात केला तर त्याला आपण काय म्हणू?

या मुलीचे एक काम अर्धवट पडले होते, ते येथे सांगणे आवश्यक आहे. पर्युषणात पाठशाळेच्या कार्यक्रमासाठी तिने चित्रकथीच्या पद्धतीने एका जैन कथेची चित्रे काढायला घेतली होती. कथा निवडली होती इलाचीकुमाराची. बारा चित्रांपैकी सात झाली होती.

वाचकांपैकी अनेकांनी ही कथा प्रवचनांतून ऐकली असेल. धनाढ्य श्रेष्ठीचा पुत्र इलाचीकुमार नटांच्या मेळ्यातील एका कन्येवर मोहित होतो. तिचा पिता सांगतो, आमची विद्या शिक, राजाला प्रसन्न करून बक्षीस मिळव, मग मुलगी देऊ. हा श्रेष्ठिपुत्र घर, पेढी, माता-पिता सोडून नटांबरोबर निघतो आणि त्या विद्येत निपुण होतो. अखेर राजासमोर उंच बांबूवर त्याचा खेळ सुरू होतो. पण राजाचे मनही त्याच कन्येवर जडलेले असते. हा पडून मेला तर बरे, या हेतूने तो पुनःपुन्हा खेळ करायला लावतो. तेवढ्यात इलाचीला त्या उंचीवरून एका घराच्या दारात मुनी दिसतात. रूपवती गृहिणी भिक्षा देत आहे आणि मुनींची दृष्टी खाली आहे. त्या एका दृश्याने त्याच्या अंतरात विचार जागा होतो, परिणाम शुद्ध होत जातात आणि बांबूवरच त्याला केवलज्ञान प्राप्त होते.

आपण ही कथा मुलांना सांगतो तेव्हा बहुधा एवढेच बिंबवतो की मोह वाईट. मला मात्र त्या मुलीशी बोलताना कथेची दुसरी बाजू दिसली. ज्याच्या खेळावर राजा प्रसन्न व्हायचा, त्या राजाची नजर खेळाकडे नव्हतीच. आणि इलाची ज्या उंचीवर उभा होता, तिथवर त्याला वर्षानुवर्षांच्या सरावाने नेले होते. खाली गर्दीत उभा असता तर ते दार त्याला दिसले असते की नाही, कोण जाणे. मी तिला म्हटले, "तुझे सातवे चित्र कोणते?"

"तो बांबूवर चढतो ते."

"मग त्याला तिथेच टांगून ठेवलेस?"

ती रडता रडता हसली.

वडिलांशी बोलणे अधिक अवघड गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते : मुलगाही नको, बाहुल्याही नकोत, बारावीपर्यंत फक्त पुस्तके. छंदाने पोट भरत नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले. मी त्यांना आपल्याच गावची आठवण करून दिली. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे कवी आरती प्रभू, याच कुडाळात खानावळ चालवत होते आणि ती सांभाळता सांभाळता कविता लिहीत होते. पुढे 'नक्षत्रांचे देणे' या त्यांच्या संग्रहाला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यावर गृहस्थ तत्परतेने म्हणाले, "पण साहेब, खानावळ चालवून कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकले नाही." व्यापाऱ्याचा हा आक्षेप रास्त आहे, आणि मी तो खोडला नाही. ही मुलगी पद्मश्री मिळवील किंवा कवयित्री होईल, असे मला म्हणायचेच नव्हते. माझे म्हणणे इतकेच होते की सोळाव्या वर्षी जिच्याजवळ स्वतःचे असे काही आहे, तिला दुसऱ्याच्या पसंतीवर जगावे लागत नाही. ते काढून घेतले तर मागे उरते ती फक्त ती ओढ, आणि मग ती दसपट होते. कोल्हापूरला पाठवल्याने पिंगुळी दूर जाईल. फोन बरोबरच जाईल.

ते बराच वेळ पावसाकडे पाहत राहिले. मग विचारले, "मग त्या मुलाचे काय करायचे?"

"तुम्ही काहीच करायचे नाही. ते तिला करू द्या. तुम्ही रविवारी तिला पिंगुळीला सोडा."

त्यांनी ते केले. पहिल्या रविवारी ते स्वतः स्कूटरवरून तिला घेऊन गेले आणि रेनकोट घालून तिथेच दोन तास बसले. मुलीने त्या मुलाला काय सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, हे मी विचारले नाही. एवढे कळले की रविवारी मला यायला जमणार नाही, मी चित्रकथी शिकते, असे तिने वर्गातल्या सर्वांदेखत सांगितले. हसणारे हसले. दोन मैत्रिणींनी मात्र आम्हालाही दाखव म्हटले. तो मुलगा अजून त्याच वर्गात आहे, आणि दोघे एकमेकांशी बोलतातही, असे तिची आई सांगते. आता आई हे शांतपणे सांगते, यातच मला समाधान वाटते.

पर्युषणात पाठशाळेच्या छोट्या सभागृहात तिने बाराही चित्रे उभी धरून इलाचीकुमाराची कथा सांगितली. मुनींच्या दर्शनाच्या चित्रापाशी तिचा आवाज किंचित थांबला, मग पुढे गेला. टाळ धरायला कोणी मिळाले नव्हते. तिच्या वडिलांनी तो धरला. ताल दोन ठिकाणी चुकला, पण कोणाची तक्रार आली नाही. संवत्सरीच्या दिवशी त्यांनी घरात सर्वांत आधी मुलीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले, आणि आजी त्या दिवशी उपवासाने बसली होती, रुसव्याने नव्हे.

या प्रसंगावरून आपल्या समाजातील माता-पित्यांना एक नम्र विनंती करावीशी वाटते. या वयात कोणाविषयी ओढ वाटणे हा अपराध नाही, तो वयाचा धर्म आहे. तिला संयमाची दिशा मिळावी ही आपली परंपरा, पण संयम आतून यावा लागतो, बाहेरून कुलूप लावून तो येत नाही. म्हणून मुलांच्या फोनमध्ये नवे कोण आले हे शोधण्यापूर्वी त्यांच्या आयुष्यातून जुने काय गेले ते पाहा. पेटी बंद आहे का? बुद्धिबळाचा पट धूळ खातो आहे का? रंगांच्या बाटल्या वाळल्या आहेत का? आणि ते गेले म्हणून आपण सुटकेचा निःश्वास तर टाकला नाही ना, हेही स्वतःला विचारा. छंद आणि व्यक्ती यांतून एकाची निवड करण्याची वेळ मुलांवर येतेच असे नाही. पण ती आल्यासारखी वाटली, तर निवड त्यांनाच करू द्यावी. आपण फक्त समोर बसवावे, चहा द्यावा आणि कारण विचारावे.

मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीत एक गोष्ट मात्र चांगली असते. रक्कम खर्च झालेली नसेल, तर दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा ठेवता येते. थोडे व्याज बुडते, इतकेच.