वाढप्याचा पगार गिऱ्हाइकाच्या खिशातून

एडिसन, न्यू जर्सी

नेरुळ-वाशीहून लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांना इथल्या बऱ्याच गोष्टींची सवय होते. रस्त्याच्या उजव्या बाजूने धावणाऱ्या गाड्या, एप्रिलमध्येही अंगावरून न उतरणारा स्वेटर, आधी कळवल्याशिवाय शेजाऱ्याकडे न जाणं, हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं. हॉटेलातली टिप मात्र परतीच्या विमानापर्यंत पचत नाही. इथल्या ओक ट्री रोडवरच्या हॉटेलात चौघं जेवले, 80 डॉलर झाले. त्यावर राज्याचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे 5 डॉलर 30 सेंट. इथवर ठीक. मग मुलगा पेन काढून खालच्या ओळीत 16 डॉलर लिहितो आणि सही करतो. बाबांचा हिशेब तोवर झालेला असतो: चौदाशे रुपये! आणि तेही ताट आणून ठेवल्याबद्दल, ज्याचा त्या माणसाला पगार मिळतोच.

वाद या शेवटच्या वाक्यावर अडतो. त्या माणसाला पगार मिळतो का, आणि मिळतो तर किती? "इथे द्यावीच लागते, बाबा," एवढं म्हणून मुलगा गाडी सुरू करतो, कारण याचं उत्तर बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात किमान वेतनाचे दोन दर आहेत. सर्वसाधारण कामगाराला तासाला 7 डॉलर 25 सेंट. जुलै 2009 पासून हा आकडा हललेला नाही. ज्याला टिप मिळते अशा कामगाराला मालकाने स्वतःच्या गल्ल्यातून द्यायचे फक्त 2 डॉलर 13 सेंट, आणि हा आकडा 1991 पासून तिथेच आहे. मधले 5 डॉलर 12 सेंट टिपेतून भरून निघाले असं मालकाने धरायचं. याला टिप क्रेडिट म्हणतात. टिप कमी पडली तर उरलेली रक्कम मालकाने भरावी, असं कायदा सांगतो. पण ती मागायची कोणी? ज्याच्या पुढच्या आठवड्याच्या पाळ्या मालकाच्याच हातात आहेत, त्याने.

राज्यांना याहून चढा दर ठरवता येतो आणि न्यू जर्सीने तो ठरवलेला आहे. 2025 मध्ये इथलं किमान वेतन तासाला 15 डॉलर 49 सेंट होतं, आणि वेटरला मालकाने रोख द्यायचे 5 डॉलर 62 सेंट होते. फरक 9 डॉलर 87 सेंटांचा. म्हणजे वेटरला तासाभरात मिळालेल्या टिपेतले पहिले जवळजवळ दहा डॉलर ही त्याची वरकमाई नसते; मालकाने न दिलेला पगार आपण दिलेला असतो. मुलाने लिहिलेले 16 डॉलर शाबासकीचे नव्हेत. ते त्या जेवणाच्या किमतीचाच भाग आहेत, फक्त मेन्यूकार्डावर छापलेले नाहीत.

ते 16 डॉलर सगळे त्या एका माणसाच्या खिशात जातात असंही नाही. टेबल पुसणारा, पाणी भरणारा, बारमध्ये पेय बनवणारा, या सगळ्यांना वेटरने आपल्या टिपेतून वाटा द्यायचा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो वाटा टिपेवर नव्हे तर त्या दिवशीच्या विक्रीवर मोजतात. अशा ठिकाणी तुम्ही काहीच न ठेवता उठलात तरी तुमच्या 80 डॉलरच्या बिलावरचा वाटा वेटरला इतरांना द्यावाच लागतो. तुम्हाला वाढल्याबद्दल त्याच्या खिशातून पैसे गेलेले असतात. हे कळल्यावर टिप न ठेवता ताठ मानेने बाहेर पडणारा माणूस मला तत्त्वनिष्ठ वाटेनासा झाला. त्याची तक्रार रास्त असेलही, पण दंड भलत्याच माणसाला बसतो.

ही व्यवस्था अमेरिकेच्या स्वभावातच आहे असं इथले लोकही समजतात. इतिहास नेमका उलटा आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात फिरून आलेल्या श्रीमंत अमेरिकनांनी ही पद्धत सोबत आणली, तेव्हा तिला कडाडून विरोध झाला. जिथे राजा नाही, सरदार नाही, तिथे एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात का पसरावा, असा तो आक्षेप होता. 1909 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्याने टिप देण्याघेण्यावर कायद्याने बंदी घातली. मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलिना, टेनेसी यांनी तशाच बंद्या आणल्या. 1926 पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले होते.

टिकली ती टिप, आणि ती का टिकली याचं उत्तर रेल्वेच्या डब्यात सापडतं. 1865 मध्ये यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी संपली, आणि लाखो कृष्णवर्णीय माणसं काम शोधू लागली. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने रेल्वेच्या शयनयान डब्यांत बिछाने घालायला, बूट पुसायला, सामान उचलायला नेमकी हीच माणसं घेतली. पगार जगण्यापुरताही नाही. बाकीचं प्रवाशांकडून मिळवा. प्रवासी त्यांना स्वतःच्या नावाने हाक मारत नसत. मालकाच्या नावावरून सगळ्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणत, जसं पूर्वी गुलामाला धन्याच्या नावाने ओळखत. 1925 मध्ये ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी संघटना बांधली आणि बारा वर्षं झगडून 1937 मध्ये पुलमन कंपनीकडून पहिला करार मिळवला. महिन्याचा ठरलेला पगार, ठरलेले तास, हे त्यांचं मागणं होतं. आपलं पोट प्रवाशाच्या मर्जीवर नको, हे ज्यांनी ती मर्जी आयुष्यभर सांभाळली त्यांनीच सांगितलं. मला या सगळ्या प्रकरणात त्यांचीच साक्ष सर्वांत मोलाची वाटते.

पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, देशाचा किमान वेतनाचा कायदा आला. हॉटेल कामगार त्यातून बाहेर राहिले. 1966 च्या दुरुस्तीने त्यांना आत घेतलं, पण टिप क्रेडिटची अट घालून. 1991 मध्ये किमान वेतन 4 डॉलर 25 सेंट झालं, वेटरचं त्याच्या निम्मं, म्हणून 2 डॉलर 13 सेंट. 1996 मध्ये निम्म्याचा हा दुवाही कायद्याने तोडला. किमान वेतन पुढे वाढलं, वेटरचे 2 डॉलर 13 सेंट गोठले.

बदलायचे प्रयत्न होत नाहीत असं नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मॉन्टाना आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिट नाही. मालकाने पूर्ण किमान वेतन द्यायचं. न्यूयॉर्कचे नामवंत हॉटेलमालक डॅनी मायर यांनी 2015 मध्ये आपल्या हॉटेलांतून टिपच काढून टाकली आणि जेवणाचे दर वाढवले. 2020 मध्ये, महासाथीच्या काळात, त्यांनी ती परत आणली. चढे दर पाहून गिऱ्हाईक बिचकतं आणि शेजारचा मालक स्वस्त दिसतो, म्हणून एकट्यादुकट्या मालकाला हे पेलत नाही. भारतीय वंशाच्या वकील सारू जयरामन यांनी 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर, जागतिक व्यापार केंद्राच्या माथ्यावरच्या हॉटेलातून बेकार झालेल्या कामगारांना घेऊन संघटना उभारली. सगळीकडे एकच किमान वेतन हवं, ही त्यांची चळवळ आजही चालू आहे. राजधानी वॉशिंग्टनच्या मतदारांनी 2022 मध्ये तिला कौल दिला, तिथल्या नगर परिषदेने 2025 मध्ये अंमलबजावणीचा वेग कमी केला. मॅसॅच्युसेट्समध्ये 2024 च्या मतदानात तसाच प्रस्ताव पडला. विरोध फक्त मालकांचा होता असं नव्हे. महागड्या हॉटेलांत शुक्रवार-शनिवारी भरघोस टिप कमावणाऱ्या वेटरांनाही जुनीच पद्धत हवी आहे, आणि त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता खोटा नाही. मार खातो तो हमरस्त्यावरच्या साध्या हॉटेलात सोमवारी दुपारी उभा असलेला माणूस.

जुलै 2025 मध्ये टिपेवरच्या केंद्रीय प्राप्तिकरात सवलत देणारा कायदा झाला: वर्षाला 25,000 डॉलरपर्यंत, 2028 पर्यंत. वेटरला दिलासा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. ज्याची कमाई मुळातच कमी, त्याला प्राप्तिकर फारसा लागत नव्हताच. मालकाने पगार वाढवावा, हा प्रश्न मात्र त्याने मागे ढकलला, असं माझं मत आहे.

आता प्रत्यक्ष द्यायचं किती, कारण मे महिन्यात निघणाऱ्यांना हेच हवं असतं. वेटर टेबलाशी येऊन ऑर्डर घेतो आणि वाढतो, अशा ठिकाणी कर धरण्याआधीच्या रकमेवर 18 ते 20 टक्के. पूर्वी 15 चालत. आता 15 टक्के म्हणजे नाराजी असा अर्थ घेतात. पूर्ण पगार देणाऱ्या त्या सात राज्यांतही लोक एवढीच देतात. वाढणं खरोखर वाईट असेल तर मॅनेजरला बोलावून सांगा, पण शून्य लिहू नका. सहाहून अधिक माणसं असली की बरीच हॉटेलं 18 टक्के ग्रॅच्युइटी बिलातच लावतात, आणि खाली टिपेची ओळ रिकामी असतेच. आपल्या मंडळींचं जेवण क्वचितच सहाच्या आत असतं, म्हणून सही करण्याआधी बिल वरपासून खालपर्यंत वाचा. नाहीतर दोनदा दिली जाते. बुफेला 10 टक्के पुरतात. पार्सल स्वतः जाऊन आणलं तर काही देण्याची गरज नाही.

कॉफीच्या किंवा मिठाईच्या काउंटरवर हल्ली टॅबलेट फिरवून तुमच्यासमोर धरतात: 18, 20, 25 टक्के. मागे रांग, समोर तो मुलगा किंवा मुलगी, आणि बोट आपोआप मधल्या आकड्यावर जातं. इथे नाही म्हणायला अजिबात संकोच करू नका. काउंटरवरच्या कामगाराला सहसा पूर्ण किमान वेतन मिळतं, त्याचा पगार तुमच्यावर टाकलेला नाही. ओक ट्री रोडवर समोशाची पिशवी घेताना आणि आतल्या टेबलावर थाळी जेवताना टिपेचा नियम वेगळा असण्याचं हेच कारण आहे.

आणि एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, कारण ती आपल्याच लोकांबद्दल आहे. देशी गिऱ्हाईक म्हटलं की इथल्या काही वेटरांचा चेहरा पडतो. एकाच टेबलावर तीन तास बसायचं, पाच वेळा पाणी आणि जास्तीची चटणी मागायची, आणि जाताना दोन डॉलर ठेवायचे, हे मी पाहिलेलं आहे. त्या टेबलावरची माणसं कंजूष होती असं मला वाटत नाही. ती वाशीच्या हिशेबाने चालली होती. पण वाढणारी बाई एडिसनचं घरभाडं भरत होती.

वाशीचा हिशेब वेगळा आहे आणि तो वेगळाच राहिला पाहिजे, म्हणून हे पत्र तिकडच्या वाचकांना. आपल्याकडच्या किमान वेतनाच्या कायद्यात टिप वजा करायची सोयच नाही. वेटरचा पगार हा मालकाचा खर्च. 2016 मध्ये आयटीसी कंपनीच्या करविषयक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही गिऱ्हाइकाने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे असंच मानलं. बडीशेपेच्या वाटीशेजारी ठेवलेली दहा-वीस-पन्नासची नोट खरोखर आपल्या खुशीची असते, आणि म्हणूनच ती देताना बरं वाटतं.

या व्यवस्थेला दोन बाजूंनी धक्के बसत आहेत. एक, बिलात परस्पर लावलेला पाच-दहा टक्क्यांचा सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी त्याला मनाई केली. हॉटेलमालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि 28 मार्च 2025 रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. संघटनांनी त्यावर अपील केलं आहे. दुसरी बाजू मोबाइलची. मे 2025 मध्ये याच प्राधिकरणाने गाडी येण्याआधीच टिप मागण्याबद्दल उबरला नोटीस काढली. सेवा मिळण्याआधी घेतलेली टिप म्हणजे लपवलेलं भाडंच. इथल्या टॅबलेटचीच ही बहीण आहे आणि ती नवी मुंबईत पोचलेली आहे.

पाम बीच रोडवरच्या किंवा सीवूड्सच्या हॉटेलात बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला तर तो काढून द्या म्हणून सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पण वाचलेले ते दोन-तीनशे रुपये तसेच घेऊन घरी जाऊ नका. क्यूआर कोड आल्यापासून सुटे परत येतच नाहीत, आणि सुट्यांबरोबर वेटरची टिपही आटली आहे. पाकिटात शंभराच्या दोन नोटा ठेवा आणि ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या. काही ठिकाणी टिप गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकतात आणि रात्री आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांत वाटतात, तीही चांगली पद्धत आहे. तो डबा उघडून मोजतं कोण, वेटर की मालक, एवढं मात्र एकदा विचारा.