सारखं दिसतं, म्हणून तिथूनच आलं?

'अटॅक ऑन टायटन' ही मांगा मालिका वाचली असेल, तर जर्मनीतल्या नॉर्डलिंगेनचा वरून काढलेला फोटो बघून तुम्ही म्हणाल, "अरे, हे तर तेच शहर!" गोल तटबंदी, आत लाल कौलांची दाटी. सुमारे २.७ किलोमीटरच्या या तटावरून अख्ख्या गावाला चक्कर मारता येते. मालिका इथूनच सुचली, असं चाहते सांगतात. पण लेखक हाजिमे इसायामा यांनी भिंतींच्या कल्पनेचा संबंध जोडलाय तो जपानमधल्या ओयामा या आपल्या डोंगरांनी वेढलेल्या गावाशी.

साम्यावरून शंका घेता येते, निष्कर्ष काढता येत नाही.

गंमत म्हणजे हे गाव ज्या सुमारे २४ किलोमीटर रुंद खोलगट भागात वसलंय, तोही असाच फसवा. अनेक भूशास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखीचं विवर मानत. इथला स्युव्हाइट दगडही ज्वालामुखीय वाटायचा. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना त्यात कोएसाइट सापडलं. हे खनिज तयार व्हायला लागणारा प्रचंड दाब ज्वालामुखीच्या उद्रेकात मिळत नाही. लघुग्रह आदळला की मिळतो. दीड कोटी वर्षांपूर्वीच्या त्या आघाताचा पुरावा गावातल्या सेंट जॉर्ज चर्चच्या भिंतींतच होता, कारण त्या स्युव्हाइटच्याच!

तुमच्या संशोधन आराखड्यात 'अमुकचा तमुकवर प्रभाव' असं वाक्य असेल, तर गाइडने विचारायच्या आधी स्वतःला विचारा: यातलं कोएसाइट कुठलं? म्हणजे, माझं म्हणणं खरं असेल तरच सापडेल, अशी गोष्ट कोणती? ती आधी शोधा.