पुस्तकाच्या पाठीवरचा पत्ता

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आपण पुस्तक मागतो आणि दोन मिनिटांत ते हातात पडते. त्या दोन मिनिटांत काय घडते याचा विचार निदान मी तरी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत कधी केला नव्हता. पुस्तकाच्या पाठीवर, खालच्या बाजूस, एक लहानशी पांढरी चिठ्ठी असते. तिच्यावर काही आकडे व दोन-तीन अक्षरे असतात. ती ग्रंथपालांच्या उपयोगाची, आपला तिच्याशी संबंध नाही, अशी माझी समजूत होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत उज्जैनला आजोळी गेले आणि अशा चिठ्ठ्या तयार करण्याचे काम पाच आठवडे माझ्याच गळ्यात पडले. ते काम कसे करतात आणि त्यात कोठे फसगत होते, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

उज्जैन म्हटले की आपल्याला महाकाळ आणि क्षिप्रा आठवते. पण हे शहर एके काळी शिंद्यांचे मुख्य ठाणे होते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाळाचे मंदिर पुन्हा उभे केले. पुढे १८१० च्या सुमारास दौलतरावांनी आपले ठाणे ग्वाल्हेरला हलविले, तरी मराठी घरे मागे राहिली. माझ्या मामांचे घर त्यांतलेच एक. तेथे मामेभावंडे आपसांत हिंदी बोलतात आणि आजीशी मराठी.

अशाच काही कुटुंबांनी चालविलेले एक लहान मराठी ग्रंथालय मामांच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. दोन खोल्या, अकरा कपाटे, सुमारे अडीच हजार पुस्तके. गेली कित्येक वर्षे तेथे तात्या ग्रंथपाल म्हणून बसत. पुस्तकांना चिठ्ठ्या नव्हत्या, कारण त्यांची गरजच नव्हती. कोणी पेंडशांची कादंबरी मागितली की तात्या खुर्चीवरून न उठता सांगत, ‘तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा, डावीकडे बघ.’ मागच्या थंडीत तात्या घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले आणि ते घरीच अडकले. ग्रंथालय आठवड्यातून दोन दिवस इतर मंडळी उघडू लागली, पण पुस्तके कोणालाच सापडेनात. वाचक येत, अर्धा तास कपाटे उघडझाक करीत आणि रिकाम्या हाताने परत जात. देवघेवीच्या वहीतील नोंदी झपाट्याने घटल्या. तेव्हा व्यवस्थापक मंडळींत विचार सुरू झाला की आता मराठी वाचणारेच उरले नाहीत, पुस्तके कोणाला तरी देऊन टाकावीत आणि खोल्या भाड्याने द्याव्यात.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे वही दिसली की मागची पाने चाळते. तात्या पडण्यापूर्वीच्या महिन्यांतल्या नोंदी चांगल्या भरगच्च होत्या. मागणी घटलेली नव्हती, पुरवठा अडला होता! मामांनी हे मंडळींच्या कानावर घातले. ‘मग तूच कर काहीतरी,’ असे उत्तर आले.

उज्जैनमध्ये हे काम करावे लागावे यात एक योगायोग होता, तो मला नंतर कळला. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन हे १९५७ ते १९५९ या काळात उज्जैनच्या तेव्हाच्या विक्रम विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक होते. पुढे १९६२ मध्ये त्यांनी बंगळूरला प्रलेखनाचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले आणि १९७२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. मूळचे ते गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील एका दुकानात मेकॅनोचा खेळ त्यांनी पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून हवी ती वस्तू करता येते, तसे विषयाचे घटक जोडून पुस्तकाचा क्रमांक का करता येऊ नये? या कल्पनेतून त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती निघाली व १९३३ साली ती छापली गेली. तिच्या दोन वर्षे आधी त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतील चौथा नियम असा की वाचकाचा वेळ वाचवावा. आमच्या अकरा कपाटांपुढे उभे राहिले की हा नियम समजायला वेगळे पुस्तक लागत नाही.

चिठ्ठीवर जे लिहितात त्याला बोधांक म्हणतात. बोधांक म्हणजे पुस्तकाचा पत्ता. त्यातील वर्गांकाने विषय कळतो, म्हणजे गल्ली कळते. ग्रंथांकाने त्या गल्लीतील नेमके घर कळते. आपल्याकडील पुष्कळ महाविद्यालयांत अमेरिकेच्या मेलव्हिल ड्यूई यांची १८७६ ची दशांश पद्धती वापरतात. तिच्यात ३३० म्हणजे अर्थशास्त्र, ६५७ म्हणजे हिशेबशास्त्र. मराठी साहित्य ८९१.४६ वर येते व कन्नड साहित्य ८९४.८१४ वर. बेळगावात आमची भिंत आणि शेजारच्या कन्नड घराची भिंत एकच आहे. पण ड्यूईच्या मांडणीत मराठी आणि कन्नड यांच्यामध्ये रशियन, हिब्रू, अरबी आणि तुर्की येऊन बसतात! भाषांच्या कुळांप्रमाणे ते बरोबरच असेल. मला मात्र हसू आले.

मी मोठ्या उत्साहाने पहिली शंभर पुस्तके ड्यूईप्रमाणे लावण्याची यादी केली आणि तात्यांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाले, ‘अगं, आपल्याकडं निम्म्याहून जास्त कादंबऱ्या. सगळ्यांवर ८९१.४६३ छापलंस तर कोणाला काय कळणार? घरावर भारत, मध्यप्रदेश, उज्जैन एवढंच लिहिल्यासारखं ते.’ हे मला पटले. मग ठरले ते असे: ललित साहित्यावर पहिल्या ओळीत आकडा न घालता कादं, कथा, नाट, काव्य, चरि असे आखूड शब्द, इतर विषयांवर ड्यूईचा आकडा. दुसऱ्या ओळीत लेखकाचे चिन्ह आणि तिसऱ्या ओळीत दाखल क्रमांक. चिठ्ठी ज्याच्या हाती पडणार, त्याला ती वाचता आली पाहिजे. संगणकाला वाचता येणे ही पुढची गोष्ट.

दुसऱ्या ओळीने माझे चार दिवस खाल्ले. आडनावाची पहिली तीन अक्षरे घ्यायची, असा मी नियम केला आणि ते काम एक्सेलवर सोपविले. पण आपण ज्याला अक्षर म्हणतो आणि संगणक ज्याला अक्षर म्हणतो, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संगणक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सर्व सुटे मोजतो. त्यामुळे देशपांडे यांचे ‘देश’ झाले, ते ठीक. खांडेकरांचे मात्र नुसते ‘खां’ झाले, पेंडशांचे ‘पें’, आणि मधु मंगेश कर्णिकांचे ‘कर्’, पाय मोडलेल्या र सह! शेवटी लेखकांची स्वतंत्र यादी करून चिन्हे हातानेच भरली. त्यातही पु. ल. आणि गौरी हे दोघे ‘देश’च होत होते, म्हणून पुढे नावाचे अक्षर जोडले. बरे, नेहमीच्या टंकात ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. उज्जैनमध्ये ती कोणाला खटकणार, असे मला वाटले होते. तात्यांना खटकली. मराठी वळणाचा टंक शोधून घालावा लागला.

एका कपाटाच्या तळाशी चौसष्ट कन्नड पुस्तके निघाली. धारवाडकडून बदलून आलेल्या कोणा बँक अधिकाऱ्याने जाताना ती देऊन टाकली होती. दाखल नोंदवहीत त्यांची एकच ओळ होती: ‘इतर भाषा, ६४’. लेखक नाही, नाव नाही. ती ओळ पाहून मला जरा वाईट वाटले. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असले तरी कन्नड वाचता येते, म्हणून ही चौसष्ट नावे मी एका दुपारी लिहून काढली. येथे आडनावाचा नियम कोलमडला. एस. एल. भैरप्पा यांतील एस म्हणजे संतेशिवर हे गाव आणि एल म्हणजे लिंगण्णय्या हे वडील. स्वतःचे नाव शेवटी. कुवेंपु हे तर कुप्पळ्ळी वेंकटप्प पुट्टप्प यांच्या पहिल्या अक्षरांनी झालेले टोपणनाव. तेव्हा मुखपृष्ठावर जे ठळक नाव असेल ते धरायचे, असे ठरविले. चिन्ह कोणत्या लिपीत लिहावे, हा खरा प्रश्न होता. पुस्तक परत जागेवर ठेवणारा उज्जैनचा मुलगा कन्नड लिपी वाचणार नाही. वाचणारा कदाचित देवनागरी वाचणार नाही. म्हणून पाठीवर देवनागरी आणि आतल्या पानावर कन्नड, अशा दोन चिठ्ठ्या केल्या. त्या चौसष्टांत द. रा. बेंद्रे यांचा एक संग्रह होता. ज्यांच्या घरात मराठी होती आणि ज्यांना कन्नड काव्यासाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्यांना ‘इतर भाषा’तून बाहेर काढले याचे मला समाधान वाटते.

आता छपाई. बाजारात चिकट चिठ्ठ्यांचे ए-चार आकाराचे कागद मिळतात. आम्ही घेतलेल्या कागदावर ६५ चिठ्ठ्या होत्या: आडव्या ५, उभ्या १३. प्रत्येक चिठ्ठी ३८.१ मिलिमीटर रुंद व २१.२ मिलिमीटर उंच. वर आणि खाली १०.७ मिलिमीटर समास, दोन्ही बाजूंस पावणेपाच, आणि शेजारच्या दोन चिठ्ठ्यांमध्ये अडीच मिलिमीटर अंतर. ही मापे एकदा साच्यात भरली की यादीतील नावे मेल मर्जने आपोआप त्या त्या चौकटीत जाऊन बसतात. कोहासारख्या मोफत ग्रंथालय प्रणालीतही चिठ्ठ्यांचा असाच साचा भरायची सोय आहे.

मी उंची २१.२ ऐवजी २१ भरली. पाव मिलिमीटरही नव्हे, त्याने काय होते? पहिल्या चार-पाच ओळी सुंदर आल्या. नंतर अक्षरे हळूहळू वर सरकू लागली आणि तेराव्या ओळीत ‘कादं’वरचा अनुस्वार वरच्या चिठ्ठीवर जाऊन बसला. बारा वेळा ०.२ म्हणजे २.४ मिलिमीटर! येथे एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. समास चुकला तर सगळा कागद सारखाच सरकतो. चिठ्ठीचे माप चुकले तर चूक प्रत्येक ओळीगणिक वाढत जाते. फरक सारखा आहे की वाढता, एवढे पाहिले की चूक कोठे आहे ते कळते. तेरीज जुळत नसताना आपण हेच करतो. दुसरी खोच अशी की छपाईयंत्राला ‘पानात बसव’ असे सांगितलेले असेल तर ते सगळेच थोडे लहान करते. शेकडा ३ ने जरी आक्रसले तरी उभ्या कागदावर जवळजवळ ९ मिलिमीटरांची तूट येते. म्हणून मूळ आकारातच छापावे, आणि आधी साध्या कागदावर छापून तो चिकट कागदावर ठेवून उजेडापुढे धरावा. हे मला सात कागद वाया गेल्यावर सुचले. अर्धवट वापरलेला चिकट कागद लेझर यंत्रात पुन्हा घालू नये. आतील उष्णतेने एखादी चिठ्ठी सुटून रुळाला चिकटते. शाईच्या यंत्रावर छापलेली अक्षरे घामाच्या बोटाने फिसकटतात, आणि उज्जैनच्या मे महिन्यात कोणाचे बोट कोरडे असते?

चिकटविण्याचेही शास्त्र आहे. सर्व चिठ्ठ्या तळापासून एकाच उंचीवर हव्यात, म्हणजे नजर एका रेषेत धावते. आम्ही जुन्या पोस्टकार्डाची एक इंच रुंद पट्टी कापली आणि ती पुस्तकाच्या तळाशी लावून तिच्यावर चिठ्ठी टेकवीत गेलो. रुंद पाठीवर मजकूर मधोमध येतो आणि कडा दोन्ही पुठ्ठ्यांवर वळतात. नाटकांची पुस्तके मात्र इतकी बारीक की पाठीवर एक अक्षरही मावत नाही. त्यांची चिठ्ठी पहिल्या पुठ्ठ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. जुन्या पुस्तकांच्या खरबरीत कापडी बांधणीवर तयार चिठ्ठी टिकेना. तेथे तात्यांनी घरून निरोप धाडला की मैद्याची खळ कर आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घाल, नाहीतर कसर लागेल. चिकटपट्टी वरून लावू नका, असेही बजावले, कारण ती पिवळी पडते आणि काढताना कागद घेऊन येते.

उज्जैनच्याच सिंदिया प्राच्यविद्या संस्थेत हजारो हस्तलिखिते आहेत. सुट्या पानांच्या पोथीला पाठच नसते आणि तिला डिंक तर लावायचाच नसतो. क्रमांक असतो तो गुंडाळलेल्या बासनाच्या बाहेर. प्रत्येक वस्तू आपली चिठ्ठी कोठे सोसेल हे तीच सांगते, एवढे मला त्यावरून कळले.

मी निघाले तेव्हा अकरापैकी नऊ कपाटे झाली होती. उरलेली दोन मामेभाऊ करीत आहे. शेवटच्या शनिवारी आठवीतल्या एका मुलाने दाखविल्यावाचून एक कादंबरी शोधून काढली व देवघेवीच्या वहीत स्वतःच नोंद केली. खोल्या भाड्याने देण्याचा विषय मंडळींनी दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे. एका टोपलीत एकतीस पुस्तके अजून तशीच आहेत. त्यांची पहिली पाने गेलेली, नाव नाही की लेखक नाही. मामेभाऊ दर रविवारी तात्यांना फोनवरून त्यांतला एखादा परिच्छेद वाचून दाखवतो. आतापर्यंत तात्यांनी त्यांतली नऊ ओळखली आहेत.