दुधाचे दात पडणारच, मग उपचार कशाला?

मधल्या सुट्टीत आम्ही पहिलीच्या मुलांचे डबे बघतो. काही मुले एकाच बाजूने चावतात, काही चपाती तशीच घरी नेतात. तोंड उघडायला सांगितले की काळी दाढ दिसते. अम्मीला कळवले तर ठरलेले उत्तर येते, "दुधाचे दात आहेत टीचर, पडूनच जातील."

पुढचे दात सहा-सात वर्षांचे झाल्यावर पडतात, हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे पहिलीतल्या मुलाला त्याच दाढांनी अजून चार-पाच वर्षे जेवायचे आहे. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्के दात वाकडे येऊ शकतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे येणारी दाढ पक्की असते. ती कोणताही दात न पडता येते, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती गेली की पुन्हा येत नाही.

कीड म्हणजे किडा नव्हे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्याने दात पोखरतो. झोपेत लाळ कमी होते, म्हणून दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणे फार वाईट. दिवसभर थोडे थोडे बिस्किट, चॉकलेट, गोड चहा चालू ठेवणेही तसेच.

घरी एवढे करा:

- पहिला दात दिसल्यापासून दिवसातून दोनदा ब्रश. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी.
- फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. मोठ्यांची मिसवाक असली तरी मुलाला ही पेस्ट हवीच.
- सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आपणच करून द्या.
- महिन्यातून एकदा ओठ वर करून दात बघा.

हिरडीजवळ खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती सुरुवात असते. डॉक्टर फ्लोराइडचा लेप लावतात, कीड तिथेच थांबू शकते. खड्डा पडला तर फिलिंग. कीड नसेपर्यंत गेली तर नसेचा उपचार करून कॅप. लवंगेच्या तेलाने ठणका दबतो, कीड जात नाही. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते तेव्हा दात जरूर दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

आज रात्री मूल झोपण्यापूर्वी एकदा त्याचे तोंड उघडून बघा.