विश्लेषण : बाळाची जीभ ‘चिकटलेली’ आहे, पण शस्त्रक्रिया हवीच का?

बाळाला पाहायला आलेले कोणीतरी म्हणते, ‘जीभ चिकटलेली दिसतेय, आत्ताच कापून घ्या, नाहीतर बोलायला उशीर होईल.’ आधीच जागरणाने दमलेल्या आईबाबांचा घोर वाढतो. मात्र जिभेखालचा पडदा दिसणे आणि तो कापण्याची गरज असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘टंग-टाय’ म्हणजे काय?
जिभेखाली पातळ पडदा सर्वांनाच असतो. काही बाळांमध्ये तो आखूड, जाड किंवा जिभेच्या टोकापर्यंत आलेला असतो. त्यामुळे जीभ नीट हलत नाही. तरीही यातली अनेक बाळे व्यवस्थित दूध पितात. त्यांना उपचार लागत नाहीत.

शंका कधी घ्यावी?
पाजताना आईला सतत वेदना होणे, स्तनाग्रांना चिरा पडणे, बाळाची पकड वारंवार सुटणे, बराच वेळ पिऊनही वजन न वाढणे ही लक्षणे महत्त्वाची. जन्मानंतर थोडे वजन घटतेच, पण ते साधारण दोन आठवड्यांत भरून निघायला हवे. पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसातून किमान सहा वेळा लघवी व्हावी. ती कमी झाली किंवा बाळ सुस्त वाटले, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

आधी काय करावे?
हीच लक्षणे बाळाला चुकीच्या पद्धतीने धरल्यानेही दिसतात. म्हणून डॉक्टर किंवा स्तनपान सल्लागाराने बाळ दूध पिताना प्रत्यक्ष पाहायला हवे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिएट्रिक्सच्या २०२४ मधील अहवालाचाही भर आधी शस्त्रक्रियेविना मदत करण्यावर आहे.

शस्त्रक्रियेने काय साधते?
कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये पाच चाचण्यांतील ३०२ बाळांची माहिती तपासली. पडदा कापल्यावर आईच्या वेदना काही काळ कमी झाल्या, पण बाळाचे स्तनपान सुधारतेच, असे ठामपणे दिसले नाही. कात्रीने छेद देण्याचे काम काही मिनिटांचे असते. महागडे लेझर त्याहून सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. क्वचित रक्तस्राव किंवा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे बाळाला जन्मानंतर ‘व्हिटॅमिन के’ दिले होते का आणि घरात कोणाला रक्तस्रावाचा आजार आहे का, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

आणि बोलण्याचे काय?
तान्हेपणी पडदा कापल्याने पुढचे बोलण्याचे दोष टळतात, याला भक्कम पुरावा नाही. त्यामुळे केवळ या भीतीपोटी घाई नको. योग्य मदत मिळूनही पाजताना त्रास होतच असेल आणि तपासणीत जीभ खरोखर अडकलेली आढळली, तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा.