उकिरडा कोणाचा?

जिंतूर तालुक्यातील चारठाण्याला माणसे जातात ती जुनी हेमाडपंती मंदिरे आणि बारव पाहायला. गावच्या उकिरड्याकडे कोण पाहणार? पण मराठवाड्यात उकिरडा हीदेखील मालमत्ताच. ज्याच्या दावणीला जनावरे, त्याचे शेण आणि त्याचेच खत. ट्रॅक्टर आले, बैल घटले, तसे शेण आणखी दुर्मीळ झाले. मग भूमिहीन बाईच्या परसातल्या वांग्या-मिरचीला ते मिळणार कुठून?

पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी शेणाची ही गरजच कमी केली. ‘नाडेप’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे जाळीदार टाके. आत सुमारे १४०० किलो काडीकचरा, १७५० किलो माती, पुरेसे पाणी आणि शेण अवघे १०० किलो! तीन-चार महिन्यांत जवळजवळ तीन टन खत. भोकांतून हवा खेळती राहते, म्हणून तुंबलेल्या खड्ड्यातून सुटतो तेवढा मिथेन वायूही सुटत नाही.

पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचे भुसकट बांधावर पेटवण्याऐवजी गावठाणाच्या कडेला अशी सामायिक टाकी बांधली तर? कचरा गोळा होईल, त्याची चिंता नाही. खत निघाल्यावर पहिली टोपली कोणाची भरायची, हे मात्र वीट रचण्याआधीच ग्रामसभेत ठरवून घ्यायला हवे.