लोणासुर आणि उल्का : एका विवराच्या दोन गोष्टी

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार गावाच्या कडेला जमीन एकाएकी संपते. खाली दीडशे मीटरांच्या आसपास खोल, जवळजवळ पूर्ण गोल असा खड्डा. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद. तळाला हिरवट, खारं, उग्र वासाचं पाणी आणि भोवती झाडी. हा खड्डा इथे कसा आला, या प्रश्नाला गावात दोन उत्तरं मिळतात आणि बहुतेक वेळा ती एकाच माणसाकडून, एकाच दमात मिळतात.

पहिलं उत्तर असं. लोणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली बिळात राहायचा आणि आसपासच्या मुलखाला छळायचा. देवांनी विष्णूला साकडं घातलं. विष्णूनं देखण्या तरुणाचं, दैत्यसूदनाचं रूप घेतलं. लोणासुराच्या दोघी बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि त्यांनी भावाच्या लपण्याची जागा सांगून टाकली. दैत्यसूदनानं पायाच्या अंगठ्यानं बिळाचं झाकण उडवलं. नैऋत्येला कित्येक मैलांवरची एक टेकडी म्हणजे तेच झाकण. झोपलेला दैत्य उठला, लढला, मेला आणि तिथेच गाडला गेला. कुंडातलं पाणी त्याचं रक्त, पाण्यातला खार त्याचं मांस.

दुसरं उत्तर भूविज्ञानाचं आहे. आकाशातून आलेला एक दगड बेसाल्टच्या पठारावर आदळला आणि हे विवर तयार झालं. आपापल्या जागी दोन्ही उत्तरं भक्कम आहेत. गैरसमज सुरू होतात ते एक उत्तर दुसऱ्यात ओतल्यावर.

लोणासुर हाच रामायणातला लवणासुर?

नाव जवळचं असल्यानं हा घोटाळा सहज होतो, आणि पाट्यांपासून पुस्तिकांपर्यंत लोणारच्या दैत्याला सर्रास लवणासुरच म्हटलं जातं. पण वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडातला लवण हा मधु आणि कुंभीनसी यांचा मुलगा. त्याचं नगर यमुनेकाठचं मधुपुर, म्हणजे पुढची मथुरा. शिवानं मधूला दिलेला शूळ वारशानं त्याच्याकडे आलेला, आणि तो शूळ हाती असेपर्यंत त्याला कोणी मारू शकत नव्हतं. रामाच्या सांगण्यावरून शत्रुघ्नानं शूळ जवळ नसताना त्याला गाठलं. लोणारच्या कथेत शत्रुघ्न नाही, शूळ नाही, मथुरा नाही. मारणारा खुद्द विष्णू, फितूर बहिणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बीळ आणि झाकण. ही कथा या खड्ड्याशिवाय दुसरीकडे कुठे घडूच शकत नाही.

दैत्य म्हणजे नुसता खलनायक, मेला की संपला, ही समजूतही तपासायला हवी. महाराष्ट्राच्या क्षेत्रकथांत तसं सहसा होत नाही. करवीरमाहात्म्यातला कोल्हासुर महालक्ष्मीच्या हातून मरताना या क्षेत्राला आपलं नाव मागतो. जेजुरीत खंडोबाशी लढलेला मणी शरण येतो आणि त्यालाही पूजेत जागा मिळते. महाराष्ट्राबाहेर, गयेत तर गयासुराच्या देहावरच तीर्थ उभं आहे आणि त्याला दाबून धरणारं विष्णूचं पाऊल आजही पुजलं जातं. लोणारही याच माळेतलं. मारणाऱ्या देवाचं मंदिर गावात, पण गावाची ओळख मेलेल्या दैत्याची. ग्रीकांच्या गोष्टीतही झ्यूस टायफॉनला एटना पर्वताखाली गाडतो आणि पर्वतातून येणारी आग त्याची मानली जाते. जमीन जिथे वेगळी वागते तिथे तिच्याखाली कुणीतरी आहे, हा विचार सिसिलीतल्या माणसाला सुचला तसाच वऱ्हाडातल्या माणसालाही सुचला. एकानं दुसऱ्याकडून तो घ्यावा लागला नाही.

पूर्वजांनी उल्कापात पाहिला आणि कथेत जपून ठेवला?

आज सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. दैत्य म्हणजे उल्का, विष्णूचा अंगठा म्हणजे आघात, झाकण म्हणजे उडालेली माती. म्हणजेच पुराणकारांना सगळं ठाऊक होतं, असं आवर्जून सांगितलं जातं. ऐकायला हे फार आकर्षक वाटतं. पण काळाचं गणित जुळत नाही.

लोणारच्या वयाचे दोन अंदाज ठळकपणे मांडले गेले आहेत. आघातात वितळलेल्या काचेवर औष्णिक प्रकाशदीप्तीची पद्धत वापरून सुमारे ५२,००० वर्षं हे वय १९९७ मध्ये मांडलं गेलं. पुढे २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या मोजणीतून सुमारे ५,७०,००० वर्षं हा आकडा आला. मोठा आकडा खरा धरला तर त्या वेळी आपल्या जातीचा माणूस पृथ्वीवर नव्हताच. होमो सेपियन्सचे आतापर्यंत मिळालेले सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. धाकटा आकडा धरला तरी पन्नास हजार वर्षं एखादी आठवण तोंडी टिकली आणि ती नेमकी विष्णूच्या नावाची, मंदिराची भाषा बोलू लागली, असं म्हणायला कसलाही आधार नाही.

अशी आठवण कुठेच उरत नाही असं मात्र नाही. एस्टोनियाच्या सारेमा बेटावर काली नावाचं विवर आहे, फक्त ११० मीटर रुंदीचं. इव्हान राइनवाल्ड यांना १९३७ मध्ये तिथे उल्केच्या लोखंडाचे तुकडे सापडले. आघात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा एक अंदाज आहे. त्या वेळी बेटावर माणसं राहत होती आणि पुढे त्या तळ्याभोवती दगडी भिंतही उभी राहिली. आकाशातून पडलेल्या आगीच्या उत्तर युरोपीय कथांचा या घटनेशी संबंध असावा असं एस्टोनियाचे लेखक, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, लेनार्ट मेरी यांनी मांडलं. तिथे हा तर्क निदान करता येतो, कारण बघायला माणूस हजर होता.

लोणारच्या जवळचं उदाहरण मात्र ऑस्ट्रेलियात सापडतं. मध्य ऑस्ट्रेलियातलं त्नोराला हे विवर सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीचं. पश्चिम अरेर्न्टे लोक सांगतात की आकाशगंगेत तारकांच्या स्त्रिया नाचत असताना एकीनं बाळाला लाकडी परातीत ठेवलं. परात कलंडली, बाळ खाली पडलं आणि परात त्याच्यावर आदळून डोंगरांचं कडं वर उठलं. आकाशातून पडलेली वस्तू आणि वर उसळलेली जमीन! आणि तरी हा आघात पाहिलेला कुणी असणं अशक्य. माणसांनी जागेचा आकार बघितला आणि त्यातून कथा घडवली. लोणारच्या लोकांनीही हेच केलं, फक्त त्यांना वरून काही पडलेलं दिसलं नाही. त्यांना दिसलं बीळ. लोणासुराच्या कथेत आकाशातून काहीच येत नाही. तिच्यावर उल्का लादणारे कथाच बदलून टाकतात, आणि तिचा खरा पुरावा, म्हणजे खड्डा, खार आणि दूरची टेकडी यांचं बारकाईनं केलेलं निरीक्षण, नजरेआड करतात.

विवर ज्वालामुखीचं आहे?

हा गैरसमज पुराणांचा नव्हे, विज्ञानाच्याच इतिहासातला. भोवती सगळा दख्खनचा लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात गोल खड्डा दिसला की ज्वालामुखीचं तोंड म्हणणं साहजिक होतं. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये लोणार आणि ॲरिझोनातलं विवर यांच्यातलं साम्य दाखवलं, पण त्यांना दोन्ही ज्वालामुखीय वाटत होती. साम्य बरोबर होतं, निदान चूक. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात तळाला भोकं पाडून नमुने काढले गेले. त्यांत प्रचंड दाबाशिवाय न घडणारी मॅस्केलिनाइट नावाची काच मिळाली. ज्वालामुखी खडक वितळवतो, पण फेल्डस्पार खनिजाची अशी काच करण्याएवढा धक्का देऊ शकत नाही. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि वाद जवळपास मिटला.

मग जगातलं सर्वांत मोठं, किंवा बेसाल्टमधलं एकमेव?

दोन्ही नाही. भारतातच मध्य प्रदेशातलं ढाला विवर सुमारे ११ किलोमीटर रुंद आहे, आणि राजस्थानच्या बारां जिल्ह्यातलं रामगढही लोणारहून मोठं. बेसाल्टवर पडलेली विवरं ब्राझीलमध्येही आहेत. लोणारचं मोल त्याच्या ताजेपणात आणि शाबूत आकारात आहे. चंद्रावरची बेसाल्टमधली विवरं समजून घ्यायला पृथ्वीवर इतकी चांगली जागा क्वचितच मिळते.

पाणी गुलाबी झालं म्हणजे दैत्याचं रक्त?

जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा जुनी कथा पुन्हा ऐकू येऊ लागली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला, जीव माजले. पावसाचं पाणी आलं आणि रंग ओसरला.

इथे दुसऱ्या शतकातल्या लुकियन या लेखकाची नोंद आठवते. लेबनॉनमधली ॲडोनिस नदी दरवर्षी लाल व्हायची आणि लोक त्या रक्ताच्या खुणेवरून मृत ॲडोनिसचा शोक सुरू करायचे. बिब्लोसच्या एका रहिवाशानं मात्र लुकियनला सांगितलं की डोंगरातली तांबडी माती वारा नदीत आणून टाकतो. म्हणजे कारण माहीत असलेला माणूस त्याच गावात होता आणि शोकही त्याच गावात चालू होता. लोणारमध्ये याहून वेगळं काही घडायचं कारण नाही.

मोठा मारुती उल्केच्या दगडाचा?

गावाजवळच्या अंबर तळ्याकाठी आडवा झोपलेला मोठा मारुती आहे. त्याचा दगड लोहचुंबकासारखा, म्हणून तो उल्केचा तुकडा, असं सांगतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतंच. तो खडकही होकायंत्राची सुई हलवतो. सुई हलली एवढ्यावरून दगड आकाशातला ठरत नाही. शिवाय एवढ्या वेगानं आदळणारा दगड आघातात बहुतांशी वाफ होऊन जातो. त्याच्या खुणा शोधाव्या लागतात त्या सूक्ष्म काचगोळ्यांत.

लोणार इंग्रजांनी शोधलं?

सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये विवराची नोंद केली, हे खरं. पण शोध हा शब्द इथे लागू पडत नाही. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकारमधलं, म्हणजे सुभ्याच्या त्या विभागातलं, लोणार येतं. ब्राह्मण त्याला विष्णुगया मानतात, असं तो लिहितो, आणि काच व साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून राज्याला उत्पन्न होतं, हेही नोंदवतो. त्याच्याही आधी दैत्यसूदनाचं मंदिर उभं होतं, भिंती तारकाकृती, छतावर विष्णूच्या पराक्रमांची शिल्पं. तळ्याच्या काठावर कमळजा देवी आणि रामगया, वर धारेचं गोडं पाणी.

आणि ज्याला कथा दैत्याचं मांस म्हणते तो खार लोक शतकानुशतकं पाण्यातून काढत होते. सगळा खार त्यांच्या लेखी एक नव्हता. डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी होती, आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की माणसं चिखलात उतरून तो गोळा करायची.